बेघर कुटुंब आणि गावाचे कर्तव्य



‘घर फिरले की घराचे वासेही फिरतात’ अशी एक जुनी म्हण आहे. दिवस पालटले म्हणजे जवळची माणसेही पाठ फिरवितात, असा तिचा अर्थ. ज्या कुटुंबास राहत्या घरातून बाहेर काढले जाते, त्यास ह्या म्हणीचा अर्थ एका दिवसात कळतो. सकाळी भांडीकुंडी अंगणात येतात. दुपारी शेजारपाजारचे लोक ‘ह्या भानगडीत आपण कशाला पडा’ म्हणून दारे लोटून घेतात. आणि तिन्हीसांज झाली की म्हातारी माणसे व लेकरे घेऊन रात्र कोठे काढावयाची, हा प्रश्न त्या कुटुंबापुढे उभा राहतो. अशा प्रसंगी त्या कुटुंबाने काय करावे, आणि गावातील सरपंच, तलाठी, शिक्षक व शेजारी ह्यांनी त्यास कसा हात द्यावा, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

गोमंतकात ह्या विषयास एक विशेष पार्श्वभूमी आहे. येथील असंख्य कुटुंबांची घरे पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या जमिनीवर उभी आहेत. भाटकाराने आपल्या भाटात राहण्यास जागा द्यावी आणि त्या जागेवर घर बांधून राहणाऱ्या मुंडकाराने माडांची राखण करावी, हाकेला धावून जावे, अशी ही रीत होती. माती, दगड व नळे मुंडकाराचे, श्रमही त्याचेच. परंतु पायाखालची जमीन मात्र भाटकाराची. त्यामुळे भाटकाराची मर्जी फिरली की घर फिरले, ही भीती मुंडकाराच्या मनात कायम असे.

ही भीती दूर करण्यासाठी गोवा, दमण व दीव विधानसभेने 1975 साली मुंडकार संरक्षण कायदा संमत केला. तेव्हा श्रीमती शशिकला काकोडकर मुख्यमंत्री होत्या. 12 मार्च 1976 पासून तो अमलात आला. त्याचे सार असे की, मामलेदाराच्या कायदेशीर आदेशावाचून कोणाही मुंडकारास त्याच्या राहत्या घरातून काढता येत नाही. पुढे मुंडकारास आपले घर व त्याखालची जमीन विकत घेण्याचाही हक्क मिळाला. पंचायत क्षेत्रात 300 चौरस मीटर आणि नगरपालिका क्षेत्रात 200 चौरस मीटर ही त्याची मर्यादा ठरली. कायदा होऊन आता पन्नास वर्षे होत आली. तरीही ज्यांची नावे मुंडकारांच्या नोंदवहीत चढली नाहीत, ज्यांनी खरेदीचा अर्ज कधी केला नाही, अशा कुटुंबांवर संकट आले म्हणजे त्यांना आपल्या हातातील हत्याराचीच ओळख नसते.

आपण कोण, हे प्रथम ठरवावे

घरातून निघण्याचा प्रसंग आलेले प्रत्येक कुटुंब मुंडकार असतेच असे नाही. मदत कोठे मागावयाची हे त्या कुटुंबाचे घराशी नाते काय, ह्यावर अवलंबून असते. आणि येथेच पहिली चूक होते. चुकीच्या कचेरीत महिना गेला तर तो परत मिळत नाही.

जो भाटकाराच्या संमतीने, घरभाडे न देता, कायदा लागू होण्यापूर्वीपासून स्थायिक होता तो, व त्याच्या पश्चात त्याचे कुटुंबीय, मुंडकार म्हणून मामलेदाराकडे जाऊ शकतात. जो दरमहा भाडे देतो तो भाडेकरू होय. 1968 चा इमारतींविषयीचा भाडे नियंत्रण कायदा ज्या घरास लागू आहे, तेथे मालकाला त्या कायद्यात सांगितलेले कारण सिद्ध करावे लागते. खाणीत, कारखान्यात वा दुकानात नोकरीस असून मालकाने दिलेल्या खोलीत राहणारा कामगार मुंडकार कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. घरगडी व राखणदार ह्यांचेही तसेच. परंतु म्हणून त्यांचे सामान रातोरात रस्त्यावर फेकण्याचा परवाना कोणास मिळत नाही. सरकारी वा नगरपालिकेच्या जागेवरील झोपडीत राहणारा हा चौथा प्रकार. आणि पाचवा प्रकार सर्वांत दुःखाचा : जिला सासरच्यांनी बाहेर काढले ती स्त्री, आणि ज्यांना पोटच्या मुलांनी बाहेर काढले ते आईबाप.

प्रत्येकाची वाट वेगळी असली तरी पहिल्या रात्रीची गरज मात्र सर्वांची एकच असते.

पहिली रात्र

पहिल्या रात्री कायदा शोधू नये, छप्पर शोधावे. गोव्यात जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाऊस उसंत घेत नाही. ओल्या अंगणात काढलेली एक रात्र लहान मुलाला आजारी पाडण्यास पुरेशी असते. गावात छपरे नसतात असे नाही. पंचायतीचे सभागृह असते, युवक मंडळाची खोली असते, देवस्थानाची अग्रशाळा असते, चर्चचे सभागृह असते. ह्या जागा रात्री बहुधा कुलूपबंद असतात, आणि किल्ली ज्याच्याकडे असते त्याला ‘उघडा’ असे सांगणारा कोणी पुढे येत नाही, एवढीच अडचण असते. म्हणून प्रत्येक पंचायतीने पावसाळ्यापूर्वीच ठरवून ठेवावे की, अवेळी बेघर झालेल्या कुटुंबास कोणती जागा द्यावयाची, किल्ली कोणाकडे राहील आणि किती दिवसांपर्यंत ती जागा देता येईल. वादळात घर पडले तर काय करावयाचे ह्याचे नियम ठरलेले आहेत. पंचनामा होतो, मदतीचे दर ठरलेले असतात. माणसाने माणसास बाहेर काढले तर तसा ठरलेला नियम हाती नसतो. ती उणीव गावाने आपल्या ठरावाने भरून काढावयाची आहे.

शहरी भागासाठी मात्र व्यवस्था आखलेली आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली थंडीत उघड्यावर झोपणाऱ्यांच्या प्रश्नात लक्ष घालून राज्यांना रात्रनिवारे उभारण्यास सांगितले. त्यानंतर 2013 साली राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाखाली शहरी बेघरांसाठी निवाऱ्यांची योजना आली. एक लाख लोकवस्तीमागे शंभर जणांस पुरेल असा एक कायम निवारा, आणि माणशी निदान 50 चौरस फूट जागा, असे तिचे प्रमाण ठरविण्यात आले होते. आपल्या नगरपालिकेचा निवारा कोठे आहे, तेथे कुटुंबास एकत्र राहता येते की पुरुष व स्त्रिया वेगळ्या ठेवल्या जातात, ही माहिती पंचायतीच्या फलकावर लिहिलेली असावी. संकटाच्या रात्री कोणी ती शोधीत बसू शकत नाही.

स्त्रीला घरातून काढले असेल तर 181 ह्या क्रमांकावर दूरध्वनी करावा. 2015 पासून देशात ‘सखी’ ह्या नावाने चालणारी केंद्रे उभी राहिली. तेथे पीडित स्त्रीस काही दिवसांपुरता आसरा, वैद्यकीय मदत, पोलिसांचे साहाय्य व कायद्याचा सल्ला एकाच छपराखाली मिळावा अशी योजना आहे. अधिक काळ राहण्याची गरज पडल्यास तेथूनच पुढील निवासगृहात पाठविले जाते. एकट्या सापडलेल्या मुलासाठी 1098, वृद्धांसाठी 14567 आणि तातडीच्या पोलीस मदतीसाठी 112 हे क्रमांक आहेत. शाळेच्या भिंतीवर सुविचार लिहितात, तेथे हे चार क्रमांकही लिहिले तर ती भिंत एखाद्या रात्री कोणाच्या उपयोगी पडेल.

दुसरा दिवस : कागद

रात्र निभावली की दुसऱ्या दिवसाचे पहिले काम कागदांचे. घर सोडताना माणूस भांडी उचलतो, गोधड्या उचलतो, देवांचे तबक उचलतो. आणि फळीवरचा पत्र्याचा डबा तेथेच राहतो. त्या डब्यात घरपट्टीच्या पावत्या, विजेची बिले, शिधापत्रिका व जन्माचे दाखले असतात. पुढील सर्व लढाई ह्या डब्यावर चालते.

मुंडकाराच्या बाबतीत तर हे विशेष खरे आहे. त्याला 1976 पूर्वीचे वास्तव्य दाखवावयाचे असते, आणि ज्या आजोबांनी ते घर बांधले ते साक्ष देण्यास आज हयात नसतात. अशा वेळी जुनी मतदार यादी, पंचायतीचे घरपट्टीचे पुस्तक, जन्ममृत्यूची नोंदवही आणि जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावरील घराची वा मुंडकाराची नोंद ही साक्षीदारांची जागा घेतात. शाळेचे जुने नोंदणीपुस्तकही फार मोलाचे असते. आज पन्नाशी-साठी ओलांडलेल्या मुलाचे नाव पहिलीत दाखल करताना वडिलांचा पत्ता कोणत्या वाड्यावरचा लिहिला होता, एवढी एक ओळ पुष्कळदा घर वाचवू शकते. म्हणून शाळेच्या मुख्याध्यापकांनी ही जुनी पुस्तके वाळवीपासून जपावी, आणि कोणी गरजू उतारा मागावयास आला तर त्यास ‘उद्या या’ म्हणू नये.

ज्या दिवशी बाहेर काढले त्या दिवसाचाही पुरावा तयार करावा. कोणी काढले, किती वाजता, कोणता आदेश दाखविला, कोणते सामान आत राहिले, कोण हजर होते, हे साध्या कागदावर लिहून दोन शेजाऱ्यांच्या सह्या घ्याव्यात. छायाचित्रे काढावीत. पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी आणि तिची पोच घ्यावी. तोंडी सांगितलेली तक्रार वाऱ्यावर जाते. कोऱ्या कागदावर सही वा अंगठा कदापि देऊ नये; आणि ‘एवढे पैसे घे व निघ’ असे कोणी म्हटल्यास कायद्याचा सल्ला घेतल्यावाचून पैशास हात लावू नये, कारण ती पावती पुढे खुशीने जागा सोडल्याचा पुरावा म्हणून उभी केली जाऊ शकते.

मुदती विसरू नयेत

कायदा झोपलेल्यास मदत करीत नाही. पुढील तीन मुदती गावातील प्रत्येक जाणत्या माणसाने पाठ कराव्यात.

पहिली मुदत दोन महिन्यांची. जागेच्या ताब्यावरून शांतताभंग होण्याचा संभव असेल तर कार्यकारी दंडाधिकारी चौकशी करू शकतात. खबर मिळण्यापूर्वीच्या दोन महिन्यांत ज्यास बळजबरीने व बेकायदा काढले असेल, तोच ताब्यात होता असे धरून त्यास जागा परत देवविण्याचा अधिकार त्यांना आहे. फौजदारी प्रक्रियेत ही तरतूद पूर्वीपासून होती. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ती कायम आहे.

दुसरी मुदत सहा महिन्यांची. कायद्याची रीत न पाळता ज्यास स्थावर मालमत्तेच्या ताब्यातून काढले, तो 1963 च्या विनिर्दिष्ट अनुतोष कायद्याखाली सहा महिन्यांच्या आत दिवाणी न्यायालयात दावा करून ताबा परत मागू शकतो. जमिनीचा मालक कोण, हा प्रश्न त्या दाव्यात आड येत नाही. मालकाने सुद्धा न्यायालयातूनच ताबा घ्यावा, स्वतःच्या मनगटाच्या जोरावर घेऊ नये, हे त्यामागील तत्त्व आहे. मात्र हा दावा सरकारविरुद्ध चालत नाही, आणि मुंडकारीचा प्रश्न निघाल्यास तो मामलेदारापुढेच ठरतो.

तिसरी मुदत पंधरा दिवसांची. बांधकाम पाडण्यासंबंधी सर्वोच्च न्यायालयाने 13 नोव्हेंबर 2024 रोजी सर्व राज्यांस निर्देश दिले. कारणे दाखवा नोटीस दिल्यावाचून घर पाडू नये. नोटीस नोंदणीकृत डाकेने पाठवावी व घरावरही चिकटवावी. उत्तरास निदान पंधरा दिवस द्यावेत. म्हणणे ऐकून घ्यावे. आणि अखेरचा आदेश झाल्यावरही पंधरा दिवस थांबावे, असे त्यांचे स्वरूप आहे. रस्ता, पदपथ, लोहमार्गालगतची वा नदीपात्राची जागा ह्यांवरील अनधिकृत बांधकामे, तसेच न्यायालयाच्या आदेशाने पाडावयाची बांधकामे मात्र ह्यातून वगळलेली आहेत. नोटीस आली की ती देव्हाऱ्यात ठेवू नये. पंधरा दिवसांतील पहिला दिवस हाच खरा दिवस समजावा.

वकिलास द्यावयास पैसे नाहीत, ही सबब आता उरलेली नाही. गरिबास विनामूल्य कायदेसाहाय्य मिळावे हे तत्त्व 1976 साली राज्यघटनेत घालण्यात आले. त्यासाठी 1987 साली झालेला विधी सेवा प्राधिकरण कायदा 1995 पासून अमलात आहे. सर्व स्त्रिया व मुले, अनुसूचित जाती व जमातींच्या व्यक्ती, अपंग, औद्योगिक कामगार आणि ठरावीक मर्यादेखालील उत्पन्न असलेले नागरिक ह्यांस त्याखाली सरकारी खर्चाने वकील मिळतो. त्याचा दूरध्वनी क्रमांक 15100 हा आहे. नवऱ्याच्या घरातून काढलेल्या स्त्रीने हेही ध्यानी ठेवावे की, 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने तिला सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला आहे, मग त्या घरावर तिचे नाव असो वा नसो. आईबापांसाठी 2007 चा कायदा आहे. ‘आम्हांस सांभाळ’ ह्या अटीवर मुलास घर लिहून दिले आणि त्याने सांभाळले नाही, तर ते बक्षीसपत्र रद्द करून मागता येते.

मूल, शिधा आणि मत

घर गेले की मूल शाळेतून जाते. कुटुंब दुसऱ्या गावी सरकते, शाळा सोडल्याचा दाखला आणावयाचा राहतो, आणि नवीन शाळेत ‘दाखला आणा, मग पाहू’ असे उत्तर मिळते. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने असे उत्तर देण्यास जागा ठेवलेली नाही. दाखला उशिरा आला म्हणून सहा ते चौदा वर्षांच्या मुलास प्रवेश नाकारता येत नाही; वयाचा पुरावा नाही म्हणूनही नाकारता येत नाही. शिक्षकाने त्या मुलास त्याच दिवशी वर्गात बसवावे. ज्या घरातील सर्व काही एका दिवसात बदलले, त्या मुलाला फळा, बाक व हजेरीत पुकारले जाणारे आपले नाव एवढ्यानेही धीर येतो.

शिधापत्रिकेचेही तसेच. अन्नसुरक्षेखालील पत्रिकाधारकास आपले धान्य आता देशातील कोणत्याही रास्त भावाच्या दुकानातून घेता येते. गाव सुटले म्हणून धान्य सुटत नाही. मताचा हक्कही घराबरोबर जात नाही. बेघर माणसाने मतदार यादीसाठी अर्ज केला, तर तो जेथे झोपतो ती जागा केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने रात्री जाऊन पाहावी आणि खात्री झाल्यास नाव नोंदवावे, अशी निवडणूक आयोगाची रीत आहे. भिंती नसल्या तरी माणूस नागरिकच राहतो, हे ह्या एका नियमाने मान्य केले आहे.

अधिकाऱ्यांसाठी दोन शब्द

मुंबईच्या पदपथांवरील रहिवाशांचा खटला ह्या संदर्भात आठवावयास हवा. 1981 च्या पावसाळ्यात त्यांच्या झोपड्या हटविण्याचे ठरले, तेव्हा पत्रकार ओल्गा टेलिस व इतरांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. 10 जुलै 1985 रोजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड ह्यांनी निकाल दिला. उपजीविकेचा हक्क हा जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने मानले. त्याचबरोबर पदपथावर कायम राहण्याचा हक्क कोणास नाही, असेही सांगितले. अर्थात झोपड्या हटविण्यास मुभा मिळाली. परंतु 31 ऑक्टोबर 1985 पर्यंत, म्हणजे पावसाळा संपेपर्यंत, थांबण्यास सांगण्यात आले. न्याय कठोर असला तरी त्याने ऋतू पाहिला.

गोव्यात 2004 साली उच्च न्यायालयाच्या आदेशास अनुसरून वास्कोजवळील बायणा किनाऱ्यावरील वस्ती पाडण्यात आली, ती मात्र ऐन जून महिन्यात. ह्या दोन उदाहरणांतील अंतर प्रत्येक अधिकाऱ्याने आपल्या मनाशी मोजावे. आदेश बजावणे हे कर्तव्य आहे, ह्यात वाद नाही. परंतु बजावणीचा दिवस ठरविताना त्या घरात बाळंतीण आहे काय, मुलांची परीक्षा आहे काय, रात्री ही माणसे जाणार कोठे, हे विचारावयास कोणताही कायदा मनाई करीत नाही. निघण्यापूर्वी निवाऱ्याचा पत्ता हाती दिला तर आदेशाचा अवमान होत नाही.

सोबत जाणारा माणूस

आतापर्यंत अनेक कायदे, कचेऱ्या व क्रमांक सांगितले. घाबरलेल्या माणसास ह्यांतील एकही आठवणार नाही, आणि आठवला तरी मामलेदार कचेरीची पायरी एकट्याने चढण्याचे धैर्य होणार नाही. मदत आहे, पण ती पाच ठिकाणी विखुरलेली आहे, आणि ते कुटुंब तर एका रात्रीत अंगणात उभे आहे. ह्या दोहोंमध्ये दुवा होणारा एक माणूस गावात हवा. तो पंच असेल, शिक्षक असेल, अंगणवाडी सेविका असेल वा साधा शेजारी असेल. त्याने वकिली करण्याची गरज नाही. सभागृहाची किल्ली आणावी, तक्रार लिहून द्यावी, पोच मागून घ्यावी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने त्या कुटुंबाबरोबर तालुक्याच्या गावी जावे, एवढेच त्याचे काम.

प्रत्येक ग्रामसभेने ह्या वर्षी असा एक माणूस व अशी एक जागा ठरवून त्याचा ठराव लिहून ठेवावा. घर फिरले तरी गावाचे वासे फिरू देऊ नयेत. पाऊस दाराशी येण्यापूर्वीच हे काम होणे इष्ट आहे.